सायकलवर नकाशा: ॲपला वाट आणि रस्ता यातला फरक कसा समजावायचा?

चढउतार

नमस्कार मंडळी,

धागा काढायचं कारण गेल्या महिन्यातली एक राइड. पुण्याहून महाडला सायकलने जायचं ठरलं होतं. आम्ही तिघं. ताम्हिणी आणि वरंध, दोन्ही घाट तिघांचेही करून झालेले, म्हणून काहीतरी नवीन शोधावं म्हणून मी आदल्या रात्री फोनवर 'पुणे ते बिरवाडी' (महाडजवळचं गाव) टाकून बघितलं. त्या ॲपमध्ये मला सायकलचा पर्याय दिसत नव्हता, म्हणून 'पायी' निवडलं. माणूस पायी जातो तिथे सायकल जाईलच आणि हायवेही टळेल, असा माझा हिशोब. नसरापूर, वेल्हे, केळद आणि तिथून थेट खाली कोकणात अशी ठिपक्यांची रेघ आली. वरंधपेक्षा अंतर कमी. मी खूश.

केळदला पोचायला साडेअकरा झाले. गावाच्या पुढे डांबर संपलं, मग कच्चा रस्ता, मग दोन्ही बाजूंनी कारवी आणि मधून जेमतेम एका माणसाची पायवाट. फोन सांगत होता, 'सरळ जा'. आम्ही सायकली ढकलत निघालो. समोरून एक आजोबा शेळ्या घेऊन येत होते. "कुठं निघालाव?" म्हणाले. महाडला, म्हटलं. त्यांनी आमच्या सायकलींची पातळ चाकं बघितली, वाकून एका टायरवर बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "हितनं वाट हाय, रस्ता न्हाई. मढ्या घाट हाय ह्यो. मानूस उतरतो, सायकल खांद्यावर घ्यावी लागंल."

पुढे जाऊन कड्यावरून बघितलं. पडद्यावर बोटभर दिसणारी रेघ प्रत्यक्षात दगडांच्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली कोसळत होती. परत फिरलो. पाणी संपलेलं, मित्राच्या पायात गोळे आलेले, वेल्ह्याला येऊन जेवलो तेव्हा तीन वाजले होते. महाड राहिलं.

नकाशा खोटा नव्हता. वाट तिथे खरोखर आहे आणि फार जुनी आहे. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने उमरठला नेला, त्यावरून 'मढे घाट' नाव पडलं, असं त्या भागात सांगतात. पण आपल्या भाषेत वाट वेगळी आणि रस्ता वेगळा. आजोबांनी एका वाक्यात तो फरक सांगितला. फोनमध्ये मात्र दोन्हींची एकच रेघ.

म्हणून विचारतो. तुम्ही रूट कसा ठरवता? फोन पुरतो की सायकलच्या हँडलला लावायचं वेगळं जीपीएस युनिट घ्यावं? आणि असा फसवा तुकडा घरबसल्या ओळखायचा कसा? अनुभवाने सांगा, वाचणाऱ्या नवीन लोकांनाही उपयोग होईल.

पंक्चरकिट

'पायी' कधीच नको. पायीमध्ये जिने, पायवाटा, रेल्वेवरचे पादचारी पूल, सगळं येतं. 'कार'सुद्धा नको. मुंबईत कार निवडलीत तर ॲप बांद्रा-वरळी सी लिंक नाहीतर ईस्टर्न फ्रीवे दाखवेल, तिथे सायकलला बंदी आहे. पुण्याहून निघालात तर एक्स्प्रेस-वे, तिथेही बंदी. गूगल मॅप्समध्ये २०१७ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे दुचाकीचा पर्याय आहे, तो त्यातल्या त्यात बरा. मोटारसायकल जाते म्हणजे निदान रस्ता तरी आहे.

पण दुचाकीच्या पर्यायाला चढ कळत नाही. मोटारसायकलला दहा टक्क्यांचा चढ म्हणजे फक्त गिअर बदलणं. आपल्याला तो चढ एक किलोमीटरभर आला तर दिवसाचं गणित बदलतं.

गावकूस

@चढउतार, तुम्ही निदान बरोबर गावाला पोचलात. आमच्याकडे गावांच्या नावांनीच घोळ होतो. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव प्रत्येक तालुक्यात आहेत. वर खुर्द आणि बुद्रुक! मी एकदा अमुक बुद्रुकऐवजी खुर्द निवडलं आणि नदीच्या चुकीच्या काठावर जाऊन उभा राहिलो. समोर देवळाचा कळस दिसतोय, मित्र हात हलवतायत, आणि पूल नऊ किलोमीटर मागे.

तेव्हापासून मी गावाचं नाव टाकत नाही. नकाशा मोठा करून नेमक्या फाट्यावर बोट दाबून धरतो आणि तिथे खूण टाकतो. मुक्कामाच्या घरमालकांकडून लोकेशन मागवून घेतो. आणि गावाच्या नावाबरोबर तालुका लिहितोच.

दोनशे_ते_सहाशे

छान धागा. मी बीआरएम करते, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ठरलेल्या वेळेतल्या राइड. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. तिथे रस्ता चुकणं फार महागात पडतं, कारण चुकीच्या रस्त्यावर गेलेले १२ किलोमीटर परत येताना २४ होतात आणि घड्याळ थांबत नाही. शिवाय जिथून रूट सोडला तिथेच परत येऊन जुळवावा लागतो, शॉर्टकट चालत नाही. त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा बदल डोक्यात करायचा तो हा, की ॲपला "मला तिकडे ने" असं रस्त्यावर उभं राहून सांगायचं नाही. रूट आदल्या संध्याकाळी घरी बसून आपण बनवायचा, त्याची फाईल करायची आणि युनिटला किंवा फोनला फक्त ती रेघ दाखवायला सांगायची. चालत्या राइडमध्ये ॲप स्वतःच्या मनाने नवा रस्ता शोधायला लागलं की घोटाळे होतात. माझ्या युनिटवर मी 'रीकॅल्क्युलेट' बंद ठेवते. रस्ता चुकले तर ते फक्त टीं करतं, मी थांबते, परत रेघेवर येते.

रूट बनवायला मी राइड विथ जीपीएस वापरते, माझ्या मैत्रिणी कोमूट वापरतात, स्ट्राव्हावरही बनवता येतो. कुठेही बनवा, पण बनवल्यावर संपूर्ण रेघेवरून सॅटेलाइट चित्र लावून एकदा बोट फिरवा. २०० किलोमीटरला वीस मिनिटं लागतात. डांबरी रस्ता वरून करडी सलग पट्टी दिसतो, कच्चा रस्ता तांबूस दिसतो, आणि पायवाट झाडीत दिसतच नाही. @चढउतार, केळदच्या पुढे तुम्हाला रेघेखाली नुसतं हिरवं दिसलं असतं.

दुसरी गोष्ट, चढाचा आलेख बघा. जिथे एकदम उभी भिंत दिसते, तिथे काहीतरी गडबड आहे असं समजा. सायकल जाईल असा घाटरस्ता वळणं घेत उतरतो. पाचशे-सहाशे मीटर उतार दोन-तीन किलोमीटरात संपत असेल तर तो रस्ता नव्हे.

तिसरी गोष्ट फाईलची. रूटच्या फाईलचे दोन प्रकार नेहमी भेटतात, जीपीएक्स आणि टीसीएक्स. जीपीएक्समध्ये सहसा नुसता ट्रॅक असतो, म्हणजे बिंदूंची माळ. टीसीएक्समध्ये वळणांच्या सूचनाही टाकता येतात, म्हणजे 'पुढच्या फाट्याला डावीकडे' असं युनिट आधी सांगतं. जुन्या युनिटला टीसीएक्स जास्त मानवतं. माझ्या युनिटवर देवनागरी सूचनेच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणून त्या मी रोमन लिपीत आणि अगदी छोट्या लिहिते, कारण लांब लिहिलं की शब्द कापला जातो.

चौथी गोष्ट मला ठेच लागून कळली. रूट जाऊन त्याच रस्त्याने परत यायचा असेल तर जायची आणि यायची फाईल वेगळी करा. एकाच फाईलमध्ये दोन्ही रेघा एकावर एक पडतात आणि युनिट गोंधळतं. माझी पहिली ३००. पहाटे चार वाजता युनिटने मला सांगितलं की आता ४० किलोमीटरच राहिलेत. मी खरं मानून उरलेला चिक्कीचा तुकडाही खाऊन टाकला. खरे उरले होते त्याच्या कितीतरी पट. त्याला वाटलं होतं मी परतीच्या रेघेवर आहे.

आणि हे सगळं असूनही कागदावरची क्यू शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात असतेच. फाटा, किलोमीटर, डावं की उजवं. कागदाची बॅटरी संपत नाही.

पहिली_गिअरवाली

खूप उपयोगी माहिती. मी नवीन आहे, चार महिन्यांपूर्वी सायकल घेतली. आठवड्यातून तीनदा ३०-४० किलोमीटर करते, सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आले. मला लगेच युनिट घ्यायला हवं का? किमती बघून मागे फिरले. फोन हँडलला लावून चालेल का?

पंक्चरकिट

ताई, घाई अजिबात करू नका. ३०-४० किलोमीटरला फोन भरपूर झाला. फक्त तो हँडलवर पडदा चालू ठेवून लावू नका. एप्रिलच्या उन्हात फोन तापतो, मग स्वतःच पडदा मंद करतो आणि नेमकं तेव्हा काही दिसत नाही. बॅटरीही पडदाच खातो, जीपीएस त्यामानाने कमी. फोन खिशात किंवा वरच्या नळीवरच्या पिशवीत ठेवा, आवाज चालू ठेवा, फाट्यावर थांबून बघा.

नकाशा मात्र ऑफलाइन उतरवून ठेवा. गूगलमध्ये तो भाग उतरवता येतो. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही ॲप्स तर ऑफलाइनसाठीच बनवलेली आहेत. रेंज गेली तरी नकाशा राहतो, कारण फोनला आपली जागा उपग्रहांकडून कळते, टॉवरकडून नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी जीपीएस चालतं. लांबच्या राइडला मी तसंच करतो. घाटात रेंज शोधण्यात फोनची जी शक्ती जाते ती वाचते.

मीटर_मीटर

वरच्या प्रतिसादात एक भर. जागा टॉवरकडून कळत नाही हे बरोबर, पण पहिल्यांदा लवकर कळायला नेटवर्कची मदत होते. कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून चटकन घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि जीपीएस उपग्रह ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ वेगाने पाठवतो. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. जागा सापडायला तेवढा सगळा लागत नाही, पण बरेच दिवस बंद असलेलं युनिट घाटाच्या तोंडाशी झाडाखाली सुरू केलं की ते घुटमळतं ते यामुळे. घरून निघताना, मोकळ्या आकाशाखाली, उभं राहून सुरू करा. उंचीसकट जागा कळायला किमान चार उपग्रह दिसायला हवेत. एका बाजूला कडा असला की अर्धं आकाश गेलं.

आता उंचीबद्दल, कारण यावर कायम वाद होतात. "माझ्याकडे १८०० मीटर चढ आला, तुझ्याकडे १५५० कसा?" ज्या युनिटमध्ये बॅरोमीटर असतो ते हवेच्या दाबावरून उंची काढतं. साधारण आठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे तुम्ही एका जागी उभे असताना वादळ आलं आणि दाब घसरला, तरी युनिटला वाटतं तुम्ही चढताय. पावसाळ्यात तर युनिटच्या पाठीमागचं बारीक छिद्र पाण्याने बुजतं आणि सपाट रस्त्यावर आकडे वाटेल तसे उड्या मारतात. ताम्हिणीत जुलैमध्ये माझ्या पडद्यावर उताराला १४ टक्के चढ दिसत होता! छिद्राला फुंकर मारली, रुमालाने टिपलं, थोड्या वेळात आकडे जागेवर आले. युनिट बिघडलं म्हणून दुकानात पळू नका.

घरी रूट बनवताना जी उंची दिसते ती वेगळी. अनेक नकाशांच्या मुळाशी २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने घेतलेली मोजणी आहे, जिला एसआरटीएम म्हणतात. तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची मिळते. देशावर सपाटीला हे उत्तम चालतं. सह्याद्रीत रस्ता कड्याला चिकटून जातो, तिथे रेघ दहा मीटर इकडेतिकडे झाली की एक बिंदू कड्याच्या माथ्याची उंची घेतो, पुढचा दरीतली. त्यामुळे घाटात आलेख करवतीसारखा दिसतो आणि एकूण चढ फुगतो. बोगद्याचंही तसंच. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, पण नकाशा तुम्हाला बोगद्यावरच्या डोंगरावर चढवून उतरवतो. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

नकाशाकाम

@चढउतार, तुमच्या वाट आणि रस्ता या मुद्द्यावर मला मनापासून लिहायचं आहे, कारण गेली काही वर्षं मी ओपनस्ट्रीटमॅपवर माझ्या तालुक्याचे रस्ते काढतो.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. कोणीही सुधारू शकेल असा जगाचा नकाशा. कोमूट, ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स, गार्मिन आणि वाहूच्या युनिटमधले सायकल नकाशे हे सगळे त्याच माहितीवर उभे आहेत. त्यात वाट आणि रस्ता यांच्यात फरक करायची पूर्ण सोय आहे. पायवाटेला 'पाथ', बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल अशा रस्त्याला 'ट्रॅक', मग गावरस्ता, जिल्हा मार्ग असे थर आहेत. वर पृष्ठभागाची नोंद वेगळी: डांबर, काँक्रीट, मुरूम, माती, दगड. ट्रॅकला १ ते ५ अशी प्रतवारीही देता येते. ही नोंद असली की सायकलचा रूट काढणारं ॲप ती वाट टाळतं.

पण ती नोंद करायची कोणी? युरोपात गल्लीगल्लीत लोक बसून नोंदी करतात. आपल्याकडे बऱ्याच वाटा कोणीतरी उपग्रहचित्र बघून दूरवरून काढलेल्या आहेत. वरून पांढरी रेघ दिसली, रस्ता म्हणून काढली. ती ओढ्याची कोरडी वाळू असू शकते, हे तिथे गेलेल्यालाच कळतं. डांबर आहे की मुरूम, हे सायकलवाल्याइतकं कोणालाच कळत नाही, कारण ते आपल्या मनगटांना कळतं.

म्हणून विनंती. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. ते तुमच्या आसपासच्या रस्त्याबद्दल साधे प्रश्न विचारतं: इथे पृष्ठभाग कसला? हा रस्ता रात्री उजेडात असतो का? उत्तर निवडलं की नकाशात नोंद होते. चहाला थांबलात की दोन उत्तरं द्या. मी आमच्या गावाकडच्या एका रस्त्याला 'मुरूम' लिहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तो डांबरी झाला, मी नोंद बदलली. काही आठवड्यांनी माझ्या ॲपने पहिल्यांदाच तो रस्ता सायकलसाठी सुचवला. बाहेरगावच्या दोन सायकलवाल्या त्याच रस्त्याने येऊन आमच्या गावच्या टपरीवर थांबल्या. टपरीवाल्या काकूंनी मला फोन करून सांगितलं.

कालव्याकाठी

धागा वाचून राहवलं नाही. मी नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथे सायकलवर नकाशा लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचं कारण सांगतो.

इथे सायकलमार्गांच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाट्याला क्रमांक दिलेला आहे आणि खांबावर पुढच्या फाट्यांचे क्रमांक बाणांसकट लिहिलेले असतात. मी सकाळी कागदावर लिहून घेतो: २३, ४५, ४६, १२, ८. बास, झाला रूट. ही पद्धत बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली सुरू झाली आणि तिथून नेदरलँड्सभर पसरली. ज्याने ती काढली तो ह्यूगो बोलेन कोळशाच्या खाणीतला अभियंता होता, आणि खाणीतल्या बोगद्यांना फाट्यागणिक क्रमांक देतात त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. माझे आईबाबा इथे आले होते, वय ६४ आणि ६९. दोघांनी भाड्याची सायकल घेऊन फोन न उघडता ३० किलोमीटरची चक्कर मारली आणि बरोबर घरी आले. आई हातावर पेनाने आकडे लिहून गेली होती.

आपल्याकडे असे क्रमांकाचे खांब नाहीत, पण मैलाचे दगड आहेत, आणि त्यांचे रंग खूप काही सांगतात. डोक्यावर पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर शहर-जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे ग्रामसडक. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं. आता सुट्टीत गावी सायकल चालवतो तेव्हा पिवळा दगड दिसला की समजतो, ट्रक येणार. नारिंगी दिसला की सुटकेचा श्वास!

सागरी_मार्ग

कोकण किनाऱ्याने गोव्याला जाणाऱ्यांसाठी चार ओळी. या रूटवर ॲप सगळ्यात जास्त गडबडतं ते खाड्यांवर. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या ठिकाणी फेरीबोटीत सायकल चढवायची असते. रूट बनवताना 'फेरी टाळा' चालू राहिलं तर दाभोळवरून पलीकडे गुहागरला जायला ॲप तुम्हाला चिपळूणमार्गे प्रचंड वळसा घालायला लावतं. बंद केलं तर रेघ पाण्यावरून सरळ जाते, पण शेवटची बोट किती वाजता सुटते ते रेघ सांगत नाही. वेळ जेट्टीवर फोन करून किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. आदल्या गावात चहा पिताना विचारलं तरी चालतं, किनाऱ्यावरच्या माणसाला पुढची बोट तोंडपाठ असते.

बोटीत युनिट थांबवून ठेवा, नाहीतर खाडीसुद्धा तुमच्या सायकलिंगमध्ये मोजली जाते. आणि या मार्गावर खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची कोणाची फाईल डोळे झाकून वापरू नका.

पहिली_गिअरवाली

सगळ्यांचे आभार, भीती बरीच कमी झाली. एक वेगळा प्रश्न. मी एकटी जाते आणि राइड ॲपवर टाकते. ती कोणाकोणाला दिसते?

दोनशे_ते_सहाशे

बरं झालं विचारलंस. हे आधी करायला हवं आणि सगळे शेवटी करतात. सेटिंगमध्ये जाऊन घराच्या भोवतीचा भाग लपव. स्ट्राव्हावर ही सोय आहे, सुरुवात आणि शेवट कोणाला दिसत नाही. राइड फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेव. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जात असशील तर राइड घरी पोचल्यावरच टाक. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून (सगळ्यांच्या फेऱ्या एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून) परदेशातले लष्करी तळ ओळखू आले होते, कारण जवान तळाभोवती पळताना घड्याळ चालू ठेवत. आपलं घर ओळखायला तेवढंही लागत नाही.

उलट घरच्या एका माणसाला मात्र तू कुठे आहेस ते नक्की कळू दे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत पाठवता येतं. मी दर राइडला आईला पाठवते. तिला नकाशा फारसा कळत नाही, पण ठिपका हलतोय एवढं कळतं. आणि कुठल्या भागात रेंज जाणार ते मी तिला आधीच सांगून ठेवते, नाहीतर ठिपका थांबला की तिचा जीव थांबतो.

शिंग्रोब्याचा_चढ

मुंबईकर मित्रांसाठी. खोपोलीहून लोणावळ्याला सायकलने चढायचं तर शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता. घाटात रस्ते एकमेकांच्या अगदी जवळून, वरखाली जातात आणि जीपीएसची चूक पाच-दहा मीटरची असली तरी युनिटला तुम्ही एक्स्प्रेस-वेवर आहात असं वाटू शकतं. मग ते 'रूट सोडला' म्हणून टींटीं करतं. तिथे दगड आणि पाट्या बघूनच जायचं, पडद्याकडे दुर्लक्ष करायचं.

मी दर वेळी देवळाशी थांबतो. शिंग्रोबा धनगर. बोरघाटातून रेल्वे न्यायला इंग्रज अभियंत्यांना जागा सापडत नव्हती तेव्हा याने गुरांच्या वाटा दाखवल्या आणि बदल्यात बक्षीस न मागता देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्याला गोळी घातली, अशी त्याची कथा सांगतात. @चढउतार, तुमच्या केळदच्या आजोबांबद्दल वाचताना मला तोच आठवला.

चढउतार

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांपूर्वी पुन्हा गेलो, या वेळी वरंधने. (पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बरेचदा बंद असतो, म्हणून दिवाळीनंतरच काढला. निघण्याआधी भोरच्या एका ओळखीच्यांना फोन करून रस्ता चालू आहे ना विचारलं.) रूट घरी बनवला, सॅटेलाइट चित्रावरून पूर्ण बोट फिरवलं. भोरच्या पुढे दोन ठिकाणी रेघ धरणाच्या पाण्याला फार चिकटलेली दिसली, तिथे ओळखीच्यांना विचारून दुरुस्ती केली. कागदाची क्यू शीट खिशात. फोन फ्लाइट मोडवर, पिशवीत. महाडला अडीचला पोचलो, संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठावर बसलो, रात्री एसटीने परत. एस.टी.च्या टपावर सायकली बांधायला कंडक्टर दादांनी स्वतः मदत केली.

फाईल खाली जोडली आहे. त्यात चांगल्या पाण्याच्या तीन जागा, एक पंक्चरवाला आणि घाटाच्या तोंडाशी असलेली चहाची टपरी यांच्या खुणा टाकल्यात. मढे घाटाची नोंदही @नकाशाकाम यांच्याकडून शिकून तपासून घेतली. माझ्या जुन्या फाईलमध्ये केळदच्या पुढे मी एक खूण वाढवली आहे: 'पुढे वाट आहे, रस्ता नाही'. ज्यांना चालायला जायचं असेल त्यांनाही ती उपयोगी पडेल.

गावकूस

फाईल उतरवली, धन्यवाद. पण माझ्या जुन्या युनिटवर जीपीएक्समधल्या खुणा दिसत नाहीत. टीसीएक्स टाकाल का? आणि खुणांची नावं रोमनमध्ये, नाहीतर चौकोन दिसतील.

चढउतार

टाकली. नावं छोटी केली आहेत. टपरीची खूण घाटाच्या अलीकडे आहे, पलीकडे गेलात तर चहा थेट खाली उतरल्यावरच.